चहा: पायऱ्या एक ते तेवीस

अण्णा खोटं बोलले ते मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, स्वतःच्या घरात, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना. इतकं नेमकं सांगायचं कारण एवढंच, की पुढे त्या एका वाक्यापायी जी जाडजूड फाईल तयार झाली तिच्यात ही नोंद कितीतरी दिवस नव्हती, आणि नोंदीत उणीव राहिलेली अण्णांना खपत नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीत लोकांची सेवापुस्तकं सांभाळली होती. कोण कधी नोकरीला लागला, कोण किती दिवस रजेवर होता, कोणावर साहेबांनी काय शेरा मारला, सगळं त्यांच्या कपाटात. माणूस निवृत्त होतो, यथावकाश जातोही, पण त्याच्यावरचा शेरा जागचा हलत नाही, हे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा माणसाने आपल्याच फाईलवर आपणहून खोटं लिहवून घ्यावं, ही साधी गोष्ट नव्हे.

चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला होता. बोलणं वाचलं, चालणं काठीच्या आधाराने वाचलं, उजवा हात मात्र खांद्यापासून मनगटापर्यंत हजर आणि मनगटाच्या पुढे रजेवर गेला. तेव्हापासून घरात अण्णांना एकच शब्द ऐकू येत होता: छान. घास तोंडापर्यंत पोचला की छान. न अडखळता न्हाणीघरापर्यंत गेले की छान. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने पाच कारकून सावरून बसत, त्याला शर्टाच्या बाहीत हात घातल्याबद्दल शाबासकी मिळत होती. अण्णा ती निमूट घेत होते, कारण नको म्हणायलाही थोडी ताकद लागते.

समोरच्या दारातले विमावाले रोज सकाळी येऊन हात तपासून जात. आयुष्यभर विम्याच्या पॉलिसी विकल्यामुळे त्यांना कुठल्याही आजाराचा शेवट आधी माहीत असे. "अण्णा, रबरी चेंडू. दिवसातून तीनशे वेळा दाबायचा. माझ्या साडूचा हात याच चेंडूने वळणावर आला." असं म्हणून त्यांनी साडूचाच चेंडू आणून दिला. तो दाबायला गेलं की निसटून पलंगाखाली जाई आणि माई, म्हणजे अण्णांची बायको, दुखरे गुडघे टेकून तो बाहेर काढी. थोडक्यात, चेंडूचा व्यायाम माईंना घडत होता.

मग इस्पितळातून चिठ्ठी आली. तिच्यावर लिहिलं होतं: व्यवसायोपचार. विमावाल्यांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली. "हे चांगलं नाही, अण्णा. या वयात तुम्हाला कामाला लावणार."

आली ती तिशीच्या आतली एक थेरपिस्ट. पिशवीत चेंडू नव्हता. तिने सगळं घर हिंडून पाहिलं, उंबऱ्यांची उंची मोजली, अण्णा खुर्चीतून कसे उठतात ते पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसली.

"काका, आमच्याकडे व्यवसाय म्हणजे नोकरी नाही बरं का. माणूस दिवसभर जे जे करतो, आणि जे केल्याशिवाय त्याला आपण आपले वाटत नाही, ते सगळं. दात घासणं, पत्र लिहिणं, कोणाला गोष्ट सांगणं. मी हात दुरुस्त करायला आलेली नाही. तुमचं एखादं काम तुम्हाला परत मिळवून द्यायला आलेय. हात ऐकेल तेवढं त्याच्याकडून करून घेऊ. तो नाही ऐकला तर कपाट ऐकेल, खुर्ची ऐकेल, भांडी ऐकतील. तर सांगा, तुम्हाला काय करायचंय?"

चार महिन्यांत त्यांनी काय करावं हे बहुतेक सगळ्या ओळखीच्यांनी सांगितलं होतं. त्यांना काय करायचंय हे विचारणारी ही पहिलीच. 'सही' हा शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावर गेली. तिथे माईंचा सकाळचा कप होता, तसाच भरलेला, वर साय धरलेला.

"चहा," अण्णा म्हणाले. "चहा करायचाय. रोज मीच करायचो."

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात अण्णांनी गॅस पेटवल्याची एकच घटना ज्ञात आहे. तीसुद्धा नवी शेगडी आली तेव्हा दुकानाच्या माणसाने हाताला धरून पेटवायला लावली म्हणून. थेरपिस्टने माईंकडे पाहिलं. "हो का काकू? रोज काका करायचे?"

माईंनी पदराने कोरडेच हात पुन्हा पुसले. या चार महिन्यांत नवऱ्याची दाढी त्यांनी केली होती, नखं त्यांनी कापली होती, आंघोळ त्यांनी घातली होती. त्याच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य आज निघालं होतं, ते काढून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

"हो," माई म्हणाल्या. "रोज."

थेरपिस्टने ते लिहून घेतलं. झालं.

पुढच्या भेटीत तिने अण्णांना उंच स्टुलावर ओट्यासमोर बसवलं आणि स्वतः वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. "मी काही सांगणार नाही, काका. नेहमी करायचात तसा करा." आता नेहमी जे कधीच केलं नाही ते नेहमीसारखं कसं करावं, हा प्रश्न कचेरीतसुद्धा अण्णांपुढे आला नव्हता. त्यांनी चेहरा गंभीर ठेवला. रिकाम्या पातेल्यात आधी चहापावडर घातली. त्यावर दूध. मग दोन सारख्या बरण्यांपैकी एक अधिकारवाणीने उचलली आणि दोन चमचे मीठ घातलं. पाण्याची आठवण त्यांना झालीच नाही. लायटर शोधताना त्यांनी खिळे-हातोडीचा खण उघडला. दाराआड माई उभ्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, तो हसू आवरायला की रडू, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

गंमत अशी, की हात बरा चालला होता. ज्या बोटांना चेंडू धरवत नव्हता त्यांनी, दांड्याला स्पंज गुंडाळून जाड केल्यावर, पातेलं घट्ट धरलं. पण हाताकडे आता कोणाचंच लक्ष नव्हतं. थेरपिस्टच्या कपाळावर आठी पडली होती आणि ती लिहीत होती: 'कामाच्या क्रमाचं भान बाधित. वस्तू ओळखण्यात अडचण.' अण्णांनी ते उलट बाजूने वाचलं. लोकांच्या टेबलावरचे कागद उलटे वाचण्यात त्यांची हयात गेली होती.

शेरा! आणि तोही अण्णांच्या नावावर. पण खरं सांगायचं तर आपण पहिल्या भेटीत, पहिल्या रकान्यात खोटं बोललो हे कबूल करायला हवं होतं. ते तोंड उघडेनात, माई उघडेनात, आणि थेरपिस्टने त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टरांनी तासभर परीक्षा घेतली. अण्णांनी घड्याळाचं चित्र डाव्या हाताने बिनचूक काढलं, शंभरातून सात-सात वजा करत दोनपर्यंत आले, सांगितलेले पाच शब्द अर्ध्या तासाने उलट क्रमाने म्हणून दाखवले आणि वर डॉक्टरांच्या छापील तक्त्यात अनुक्रमांक अकरा दोनदा आल्याचं निदर्शनास आणलं. डॉक्टर थक्क झाले. स्मरणशक्ती लख्ख, हिशोब लख्ख, फक्त चहा तेवढा पुसला गेलेला! अशी केस त्यांनी पाहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी तीन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर अण्णांना साखरेचा डबा, गाळणं आणि कपबशी दाखवून "हे काय आहे?" असं विचारलं. "गाळणं," अण्णा म्हणाले. "आणि हे कशासाठी वापरतात?" यावर अण्णांनी, "याचं उत्तर मी लेखी देईन," असं सांगितलं आणि काठी घेऊन उठले. तिघांनीही ते लिहून घेतलं.

इकडे थेरपिस्टने हार मानली नव्हती. तिने चहाचे तुकडे केले. तेवीस तुकडे. एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत तिने यादी लिहिली: एक, स्टूल ओढून बसणे. दोन, पातेलं पुढ्यात घेणे. तीन, ते सरकू नये म्हणून त्याच्याखाली ओलं फडकं ठेवणे. चार, मापाने पाणी घालणे. असं करत करत तेवीसपर्यंत. बरण्या वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आल्या, झाकणं सैल झाली, मिठाची बरणी हद्दपार झाली. एक्केचाळीस वर्षं डोळे मिटून जिथे हात घालता येत होता ते आपलं स्वयंपाकघर माईंना परकं झालं. त्या काही बोलल्या नाहीत. साखर शोधायला मात्र त्यांना रोज दोन मिनिटं जास्त लागू लागली.

अण्णा यादीवर बेहद्द खूश झाले. चहा ही एक कार्यपद्धती आहे हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं! उगाच बायका ते काम अंदाजाने करतात असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी यादीला फाईल लावली, शेजारी 'पूर्ण केल्याची खूण' असा रकाना आखवून घेतला आणि मनाशी ठरवलं, की ही पद्धत गुपचूप पक्की करायची. चहा यायला लागला की खोटं आपोआप खरं होईल, शेरा निघेल, आणि झाल्या प्रकाराची चर्चा करण्याचं कोणाला कारण उरणार नाही.

गुरुवारी दुपारी माई गुडघ्यांना शेक घ्यायला गेल्या. अण्णांनी फाईल उघडली. पायरी एक, खूण. पायरी दोन, खूण. पायरी तीन, भांड्याखाली ओलं फडकं, खूण. चार, पाणी. पाच, पातेलं शेगडीवर ठेवणे. अण्णांनी पातेलं शेगडीवर ठेवलं, फडक्यासकट. फडकं काढण्याची पायरी यादीत नव्हती, आणि लेखी आदेश नसताना एखादी गोष्ट आपल्या मनाने काढून टाकणारा माणूस चौतीस वर्षं त्या खुर्चीवर टिकला नसता. सहा, गॅस पेटवणे. सातव्या पायरीला चष्मा लागणार होता, तो आणायला ते काठी टेकत आतल्या खोलीत गेले.

धूर आधी विमावाल्यांच्याच घरात शिरायचा होता, तसा तो शिरला. ते बादली घेऊन धावत आले आणि त्यांनी शेगडीवर, चष्मा घेऊन परतलेल्या अण्णांवर आणि फाईलवर सारखंच पाणी ओतलं. शेगडी विझली. फाईलची शाई फुटली.

"अण्णा! अहो, फडकं पेटवलंत तुम्ही!"

"पायरी तीन पाहा," ओल्या केसांतून पाणी निथळत असताना अण्णा म्हणाले. "ठेवायला सांगितलंय. काढायला कुठे सांगितलंय?"

हा प्रकार विमावाल्यांनी अण्णांच्या मुलाला फोनवर जसाच्या तसा सांगितला, फक्त फडक्याच्या जागी घर घातलं. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं: 'आपल्या सदनिकेतील ज्येष्ठ सदस्यांच्या स्वयंपाकघरातील वावराबाबत.' मसुदा चांगला होता हे अण्णांनी मान्य केलं. जावक क्रमांक नसल्यामुळे त्यांनी ते परत पाठवलं.

शनिवारी मुलगा आला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला, पोरगा मनाने चांगला, आणि चांगल्या मुलांसारखाच पुरता घाबरलेला. "आई, बाबा, बास झालं. हे घर बंद करू, तुम्ही माझ्याकडे चला. तिकडे दिवसभर बाई ठेवू. बाबांनी स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही, आणि आई, तूसुद्धा दमलीस." मग तो थांबला. "पण मला कळत नाही, बाबा चहा कधी करत होते? मी तर कधी पाहिलं नाही."

"तू गेल्यावर," माई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "रिटायर झाल्यावर लागली त्यांना सवय."

मुलाने सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. सोमवारी थेरपिस्ट शेवटचा अहवाल देणार होती. ते दोघं या घरात एकटे राहू शकतात असं तिने लिहिलं तर राहा, नाही लिहिलं तर सामान बांधायचं. रविवारभर माई घरात हिंडत राहिल्या. खिडकीची कडी लावून बघितली, कपाटावरून हात फिरवला, गॅलरीतल्या कुंड्या उगाच या बाजूच्या त्या बाजूला केल्या. अण्णा खुर्चीत बसून ते पाहत होते. आपल्या एका वाक्याची किंमत ही बाई घराने चुकवणार आहे हे त्यांना दिसत होतं, आणि तरीही सकाळपासून सात वेळा त्यांनी तोंड उघडून मिटलं.

सोमवारी थेरपिस्ट आली. विमावालेही आले, कारण दार उघडं होतं. तिने फाईल मांडीवर घेतली. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, तुमचा हात मी विचार केला त्यापेक्षा खूप पुढे आलाय. पण जे काम तुम्ही वर्षानुवर्षं करत होतात त्याचा क्रमच जर असा पुसला गेला असेल, तर उद्या आणखी काय पुसलं जाईल ते मी सांगू शकत नाही. काकूंच्या जिवाचाही प्रश्न आहे. मला लिहावं लागेल, की एकट्याने राहणं सुरक्षित नाही."

तिने पेन टेकवलं. माई एकदम पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ हलत होते. खरं बोलावं तर नवऱ्याची अब्रू चारचौघांत जाते, न बोलावं तर घर जातं. अण्णांनी तो चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"थांबा," ते म्हणाले. "तिला बोलायला लावू नका. नोंद चुकीची आहे. मला चहा येत नव्हता. कधीच येत नव्हता. मी जन्मात केलेला नाही."

मुलाच्या तोंडून "मी म्हणत होतोच" निघालं आणि अर्ध्यावर विरलं. विमावाले पहिल्यांदाच सल्ल्याविना उभे होते.

"मग काका," थेरपिस्ट हळूच म्हणाली, "तुम्ही चहाच का म्हणालात?"

अण्णांनी उजवा हात डाव्या हातात घेतला.

"सकाळी ही दोन कप करते. आधी मला पाजते. बशीत ओतून, फुंकून, एकेक घोट. माझं होईस्तोवर तिचा गार होतो. मग ती तो तसाच पिते, नाहीतर ओतून टाकते. चार महिने या बाईने गरम चहा प्यायलेला नाही. मला बघवत नाही ते. तुम्ही विचारलंत काय करायचंय, तर मला हे करायचं होतं. तिला एकदा गरम चहा द्यायचा होता. पण येत नाही असं म्हणवेना. आधीच काही येत नाही मला आता."

माई खाली बसल्या. रडू त्यांनी आवरलं नाही.

थेरपिस्टने फाईल मिटली. "चूक माझी आहे. आधी काय येत होतं हे नीट पडताळून बघायला हवं होतं मी."

"तुम्ही विचारलंत. आम्ही दोघं खोटं बोललो. तशी नोंद घ्या."

तिने तो कागद फाडण्यासाठी कोपरा धरला, तसे अण्णा काठी न घेता उठले. "फाडायचा नाही! एका रेघेने खोडा. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला तारीख आणि तुमची सही. आणि ज्याच्या नावची नोंद, त्याचीही."

तिने सांगितल्याप्रमाणे केलं आणि पेन पुढे धरलं. जाड स्पंज गुंडाळलेलं. अण्णांनी ते उजव्या हातात घेतलं. सही उताराला लागली, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली गेलं, पण झाली. कोणी छान म्हणालं नाही, हे नशीब. खाली थेरपिस्टने नवा शेरा लिहिला आणि या वेळी कागद त्यांच्याकडे सुलटा फिरवला: 'चहा येत नाही. पूर्वीही येत नव्हता. शिकू शकतात. पत्नीच्या सोबतीने याच घरात राहण्यास हरकत नाही.'

मुलाने तो दोनदा वाचला. "एका अटीवर," तो म्हणाला. "मला तो चहा आत्ता करून दाखवा."

यादीत चोविसावी पायरी घातली गेली, चार आणि पाचच्या मध्ये: फडकं काढणे. अण्णा स्टुलावर बसले. माईंना खुर्चीत बसवण्यात आलं आणि उठायचं नाही अशी ताकीद मिळाली, तरी त्या तीनदा अर्ध्या उठल्या. पाणी, पावडर, साखर. बरणीतून चिमूटभर चाखून ती साखरच असल्याची अण्णांनी खात्री करून घेतली. दूध. डाव्या हाताने पातेलं आणि उजव्याने नुसता आधार, तरी थोडा चहा ओट्यावर सांडलाच. पस्तीस मिनिटांनी कप माईंच्या हातात गेला. त्यातून वाफ येत होती.

पातेल्यात उरलेला चहा बाकीच्यांनी वाटून घेतला. मुलाने घोट घेतला. "छान झालाय, बाबा!" थेरपिस्टही छान म्हणाली. विमावाले छान म्हणून वर आणखी एक कप मागायच्या बेतात होते. अण्णांनी त्या कोणाकडे पाहिलं नाही. ते माईंकडे पाहत होते.

माईंनी एक घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"पाणचट आहे," त्या म्हणाल्या. "आणि उकळलाच नाही नीट."

चार महिन्यांत अण्णांच्या कामात कोणी खोट काढलेली ही पहिलीच वेळ. त्यांना रडू आलं, आणि ते सगळ्यांसमोर रडले.

"आता रडताय काय?" माई कप दोन्ही हातांत धरून म्हणाल्या. "उद्या पावडर दुप्पट घाला. आणि सहाला द्या, मला उशीर चालत नाही."